कबरी फोडशी

‘कर्बुर’ हा शब्द आता कोशात पडून असतो. ज्याच्या अंगावर एकाहून अधिक वर्ण आहेत आणि ते वर्ण एकमेकांत विरघळलेले नाहीत, ते कर्बुर. चुन्यात नीळ कालवली की पांढराही जातो आणि निळाही जातो. उरतो तो तिसराच रंग. त्याला मिश्रण म्हणावे. कर्बुरात पांढरे पांढरेच असते, हिरवे हिरवेच असते, आणि दोहोंमधली सीमा नखाने दाखवता येते. बोलीने या शब्दाचे ‘कबरे’ केले. गाय कबरी, मांजर कबरे. शब्द झिजला, अर्थ मात्र शाबूत राहिला.

फोडशी ही सह्याद्रीतली रानभाजी. पावसाळ्यात झाडांच्या सावलीत उगवते. पात लांब आणि चपटी, फूल पांढरे, जमिनीखाली मुळ्यांचा मांसल झुबका. रानात ती सर्वत्र हिरवी असते. कोंडनाळेच्या मठीत मात्र तिचे एक बेट असे होते, की पातीच्या मध्यातून बुडापासून टोकापर्यंत पांढरा पट्टा गेलेला असे.

तिला कबरी फोडशी म्हणत.

पुढचा प्रसंग त्या बेटापाशी घडला. तो अनेक प्रकारे सांगितला जातो, म्हणून आरंभी शब्द नीट लावून घेणे बरे.

*

“तो की मी, बुवा?”

वामदेवाने हे विचारले तेव्हा निरंजनबुवा वाफ्यात उकिडवे बसून गोगलगायी वेचत होते.

श्रावण लागला होता. सकाळपासून उघडीप होती. पण जांभळीच्या आणि अंजनीच्या पानांवरून पाणी अजून ठिबकत होते. त्या दोन झाडांच्या सावलीत मठीची बाग होती. नेचे, आंबेहळद, दगडांवरचे शेवाळ, आणि मधोमध, कुजलेल्या पातेऱ्याच्या काळ्या मातीत, फोडशीचे बेट.

बुवांनी एक गोगलगाय पातीवरून सोडवली आणि करवंटीत टाकली.

“उत्तर द्या, बुवा.”

“यांना मी रोज ओढ्यापलीकडे नेऊन सोडतो,” बुवा म्हणाले. “त्या रोज परत येतात. इतक्या निष्ठेने माझ्याकडे दुसरे कोणी येत नाही.”

“मी आलो आहे. गोदातीर सोडून आलो आहे.”

“आलास खरा.” बुवांनी मान वर केली. “जाऊन परत यायचे मात्र तुला या गोगलगायींइतकेही जमले नाही.”

वामदेव हसला नाही.

तो मठीतला सर्वांत समर्थ शिष्य होता. हे त्याचे स्वतःचे मत होते आणि दुर्दैवाने ते खरेही होते. पहाटे सर्वांआधी त्याचे स्नान होई. सारे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते. उपवासाच्या दिवशी तो पाण्यालाही शिवत नसे. कोणी पाठ म्हणताना अक्षर चुकवले, तर ते अक्षर हवेत असतानाच तो दुरुस्त करी.

त्याचा वाद होता रखमाजीशी.

रखमाजी हा खालच्या खोऱ्यातला शेतकरी. बायको गेली तेव्हा मुलीला भावाकडे ठेवून तो मठीत आला. जपाला बसला की डुलक्या काढी. मुलीचे नाव निघाले की त्याचे डोळे भरत. आणि दर पावसाळ्यात, भाताची लावणी आली की, बुवांच्या पाया पडून तो भावाच्या खाचरात राबायला निघून जाई. आताही तो तिकडेच गेला होता.

“त्याचा निरोप आला आहे,” वामदेव म्हणाला. “दिवेलागणीपर्यंत पोचतो म्हणून.”

“बरे झाले. जात्याचा खुंटा सैल झाला आहे.”

“बुवा, तो दीक्षा मागतो आणि चिखलात रोपे खोचायला जातो. डोळे मिटले की देव, उघडले की मुलगी. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. अशी माणसे मठीत राहिली, तर मठीही तशीच होईल.”

“कशी?”

“अर्धवट.”

बुवांनी आणखी एक गोगलगाय उचलली.

“मी आपल्याला कधी काही मागितले नाही. आज मागतो. त्याला दारातूनच परत पाठवा. तो आत आला, तर मी बाहेर जाईन.”

“आज?”

“आजच.”

“हा निश्चय?”

“निश्चय.”

“उद्या सकाळी पोटात कालवले म्हणजे?”

“माझ्या पोटात कालवत नाही, बुवा.”

“हं. ते मी पाहिले आहे.”

… करवंटीतल्या गोगलगायी कडेवर चढू लागल्या होत्या. बुवांनी त्या एकेक करून पुन्हा खाली ढकलल्या. मग कमरेचे खुरपे काढले, मुठीकडून वामदेवापुढे धरले.

“घे.”

“हे कशाला?”

“बेटात यंदा गर्दी झाली आहे. काही काढले नाही तर बेट जाईल. काय काढायचे ते तू ठरव.”

“मी रखमाजीचे विचारतो आहे.”

“मीही त्याचेच बोलतो आहे. तू इथे जे करशील, तेच मी संध्याकाळी दारात करीन.”

वामदेवाने खुरपे हातात घेतले. त्याला कूटप्रश्नांची सवय होती. ते सोडवण्यात त्याला आजवर कोणी हरवले नव्हते.

“यात काही गूढ आहे का, बुवा?”

“भाजी आहे. काढशील ते शिजवायचे. कांदा आहे ना घरात?”

“आपण चेष्टा करता.”

“कांद्याची चेष्टा मी करत नाही.” बुवांचा आवाज मात्र सपाट होता. “आणि दाराचीही नाही. मी शब्द दिला आहे. नीट पाहा, मग हात लाव.”

*

या बेटाला तोवर शिष्याचा हात लागलेला नव्हता. ते बुवांच्या गुरूंच्या गुरूंना रानात सापडले, त्यांनी ते मठीत आणून सावलीत लावले, आणि तेव्हापासून श्रावणातली निवड मठाधिपतीनेच करायची असा परिपाठ पडला. शिष्यांना फक्त संध्याकाळी पानात भाजी दिसे. वामदेवाने ती दरवर्षी खाल्ली होती. ती कोणत्या कोंबांची, हे विचारण्याचे त्याला कारण पडले नव्हते.

आता तो वाफ्याच्या कडेला बसला. धोतर चिखलाला लागले. ते त्याने आवरले, ते पुन्हा लागले, मग त्याने तो नाद सोडला.

बेटात सगळे कोंब सारखे नव्हते.

बहुतेक कबरे होते. अंगाने बेताचे, पातीवर पांढरा पट्टा, दोन्ही कडांना हिरवी किनार. फांद्यांच्या फटीतून जिथे दुपारचे ऊन उतरत असे, तिथे त्यांचा पांढरा भाग करपून तपकिरी झाला होता. गोगलगायींनी त्यांना जागोजाग कुरतडले होते.

मधोमध एक जुडी शुद्ध हिरव्या कोंबांची होती. रुंद, तुकतुकीत, टोकापर्यंत ताठ. त्यांच्यावर करपा नव्हता. गोगलगायींचा दात त्यांना लागला नव्हता. ती जुडी इतरांच्या वर हातभर निघाली होती.

आणि एका बाजूला, दगडाच्या आडोशाने, एकच कोंब पूर्ण पांढरा होता. शंखासारखा. त्याच्यावर हिरव्याचा ठिपकाही नव्हता.

वामदेव त्याच्याजवळ सरकला.

“बुवा… हा केव्हा आला?”

“यंदा.”

“काय शुद्ध आहे!”

“आहे.”

“एवढ्या भेसळीत हा असा कसा राहिला? याला यांच्यातून काढायला हवे. वेगळा लावू, स्वच्छ जागी. मग याचेच बेट होईल. सगळे शुभ्र.”

“लाव.”

वामदेवाने चमकून पाहिले. “आपण संमती देता?”

“लाव की. चार दिवसांत जागा पुन्हा मोकळी होईल.”

“म्हणजे हा मरेल?”

“त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. ते काम हिरव्या रंगाचे.”

“मग आजवर जगला कसा?”

बुवांनी हात पुढे केला. पांढऱ्या कोंबाला लागून एक कुरतडलेला, करपलेला कबरा कोंब उभा होता. त्याच्या हिरव्या किनारीवरून त्यांनी बोट फिरवले, आणि हात मागे घेतला.

वामदेवाने खुरपे पांढऱ्या कोंबापासून दूर नेले.

“ठीक. पांढरा राहू दे.” तो म्हणाला. “मग हे कबरे काढतो.”

बुवा गप्प.

“हे दुबळे आहेत. कीड यांनाच लागते, ऊन यांनाच लागते. अर्धे अंग कमावते, अर्धे बसून खाते. धड हे नाही, धड ते नाही.”

वामदेवाने एका कबऱ्या कोंबाच्या मानेला खुरप्याची धार लावली.

वर कुठेतरी पान हलले आणि ठिबकणारे पाणी त्याच्या पाठीवर पडले. हात थांबला.

“आपण मला अडवत नाही?”

“तू माझा निर्णय घेतो आहेस. मी मधे कसा बोलू?”

“चुकत असेन तर सांगायला हवे.”

“तू चुकलास, तर मीही दारात चुकेन. एवढेच होईल.”

“एवढेच?…” वामदेवाचा आवाज प्रथमच चढला. “बुवा, एका माणसाचे सारे आयुष्य पणाला लागले आहे!”

“हो ना,” बुवा म्हणाले. “मघापासून मीही तेच म्हणतो आहे. तुला आता ऐकू आले.”

… अंजनीच्या फांदीवर बुलबुलाची जोडी आली, भांडली आणि गेली.

वामदेवाने धार उचलली नव्हती, दाबलीही नव्हती.

“हे सगळे कबरे काढले, तर काय राहील?”

“हिरवी फोडशी. चांगली पोसेल.”

“आणि कबरी?”

“ती नाही राहणार.”

“बी धरेल ना. बियांपासून पुन्हा करू.”

“बी हिरव्याचेच उगवते. कबऱ्याचे बी पेरले तरी हिरवेच. माझ्या गुरूंनी पेरून पाहिले, मी पेरून पाहिले. कबरे कबऱ्याच्या मुळालाच फुटते.”

“म्हणजे हे एक बेट गेले, की…”

बुवांनी एक गोगलगाय उचलून करवंटीत टाकली.

वामदेवाने खुरपे मानेवरून काढले. कोंबाच्या सालीवर बारीक ओरखडा राहिला. त्या ओरखड्याकडे तो पाहत बसला, आणि पाहता पाहता त्याला दुसरेच काही दिसू लागले.

मधल्या हिरव्या जुडीच्या भोवती जमीन मोकळी होती. आत बोट घालून पाहिले, तर तिथे सुकलेले बुडखे लागले. दोऱ्यासारखे बारीक, पण पांढऱ्या पट्ट्याची खूण अजून ओळखू येत होती.

“इथले कबरे कुठे गेले?”

“गेले.”

“गोगलगायींनी खाल्ले?”

“नाही.”

“मग?”

“सावलीने गेले.”

“सावलीने? सावली तर यांना लागते. म्हणूनच ना इथे लावले?”

“झाडाची लागते,” बुवा म्हणाले. “शेजाऱ्याची सोसत नाही.”

वामदेवाचा हात त्या बुडख्यांवरच राहिला.

तो मठीत आला तेव्हा पाठाला बसणारे पुष्कळ होते. माधवगिरी होता, त्याचा आवाज गोड, पण जोडाक्षर जिभेवर अडखळे. पलीकडच्या खोऱ्यातले दोघे भाऊ होते. एक वृद्ध कासार होता, तो प्रश्न फार विचारी. त्यांतला प्रत्येक जण एकेक करून निघून गेला होता. जाताना कोणी भांडले नाही, कोणी तक्रार केली नाही. आणि प्रत्येक वेळी वामदेवाने एकच शेरा मारला होता : टिकला नाही.

बुवांनी त्या शेऱ्याला कधी हरकत घेतली नव्हती.

“बुवा.”

“हं.”

“दरवर्षी आपण भाजी करता. तिच्यात पांढरे…” तो थांबला. त्याला आपले पान आठवत होते. गेल्या श्रावणातले, त्याआधीचे. पानातली भाजी. “भाजीत पांढरे मला कधी दिसले नाही.”

“नव्हतेच.”

“कधीच?”

“कधीच.”

… आता वामदेवाला बेट दिसले. आणि बेट दिसताच दार दिसले, आणि दारात आपण कोठे उभे आहोत तेही दिसले. बुवांचा शब्द त्याच्या कानांत होता : तू इथे जे करशील, तेच मी दारात करीन.

“हिरव्यात काही दोष आहे का?”

“नाही.”

“रोग?”

“नाही.”

“मग यांचा अपराध काय?”

“अपराध आहे असे मी म्हणालो का?”

“हे जोमदार आहेत.”

“आहेत.”

“बेटात सर्वांत जोमदार.”

“सर्वांत.”

“आणि तेच काढायचे?” वामदेव ताडकन उभा राहिला. “जो कमी पडतो त्याला ठेवायचे, आणि ज्याच्यात काही उणे नाही त्याला बाहेर काढायचे? ही कुठली रीत, बुवा? हा कुठल्या ग्रंथातला न्याय? मी इतकी वर्षे इथे… मी एकदाही… आपण मला एकदा तरी म्हणालात का, की वामदेवा, जरा हळू चाल?”

“म्हणालो.”

“केव्हा?”

“पुष्कळदा. तू प्रत्येक वेळी माझे व्याकरण सुधारलेस.”

उन्हे झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. बागेतला हिरवा रंग काळवंडू लागला होता. पांढरे पट्टे तेवढे उजळ दिसत होते.

बुवा म्हणाले, “तू अजून हात लावलेला नाहीस. मनात असेल तर खुरपे ठेव आणि आत जा. मी तुला विचारणार नाही.”

“आणि दारात?”

“तू काही केले नाहीस, तर मीही काही करणार नाही. दार बंद राहील. तो बाहेर, आपण आत.”

“म्हणजे मी काही न करणे, हेही…”

“हो.”

*

त्याच वेळी दाराची कडी वाजली.

“बुवा! ओ बुवा! कडी काढा की. चिखलानं पार लडबडलोय.”

रखमाजीच होता. दार बागेपासून हाकेच्या अंतरावर. भिंतीपलीकडचा त्याचा श्वासही ऐकू येत होता. घाट चढून आल्याने त्याला धाप लागली होती.

बुवा जागचे हलले नाहीत.

“चिंगीनं खरवसाच्या वड्या धाडल्यात,” रखमाजी बाहेरून सांगू लागला. “म्हणली, निम्म्या बुवांना आन् निम्म्या वामदेवबाबास्नी. मी म्हणलं, अगं त्यांचा उपास असंल. तर म्हणती कशी, मग तू खा, पण त्यांना इचारून खा.” तो एकटाच हसला. “हायती का वामदेवबाबा आत?”

वामदेव दाराकडे वळला.

“हायती का कुनी?… झोपलं वाटतं समदं.” रखमाजी पायरीवर बसल्याचा आवाज आला. “बसतो मग. घाई न्हाई.”

वामदेवाने बुवांकडे पाहिले. “दार…”

“कडी मी काढीन. आधी तू.”

“त्याला ठाऊक आहे? की आज मी काय मागितले?”

“नाही.”

“त्याला कधी कळेल?”

“माझ्याकडून नाही.”

बाहेर रखमाजी पायाचा चिखल काठीने खरवडत होता आणि लावणीचे कसलेसे गाणे बेसूर गुणगुणत होता. एक ओळ त्याने चुकीची म्हटली. वामदेवाचे ओठ सवयीने हलले. दुरुस्ती ओठांपर्यंत आली, आणि तिथेच थांबली. त्याने ओठ मिटले.

बुवांनी ते पाहिले.

वामदेव पुन्हा खाली बसला. या वेळी त्याने धोतराकडे पाहिले नाही.

“मी गेल्यावर पाठ कोण सांगेल, बुवा?”

“सांगू आम्हीच. चुकत चुकत.”

“चुकीचा पाठ?”

“तुझ्यापुढे कोणी चुकायलाच धजत नाही. सगळे चुका गिळून बसतात. एकदा बाहेर पडल्या म्हणजे मलाही कळेल, कुणाला काय येत नाही ते.”

“आणि मी? मला काय येत नाही?”

बुवांनी करवंटी बाजूला सरकवली. वयाने वाकलेला हात जमिनीवर टेकला, आणि ते वामदेवाच्या अगदी शेजारी, मातीत, मांडी घालून बसले. गुडघा गुडघ्याला लागला.

“मला सापडले नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर इतकी वर्षे तुला काढवले नाही.”

… वामदेवाने डोळे पुसले नाहीत. ते वाहत राहिले. त्याने खुरपे उचलले आणि मधल्या हिरव्या जुडीला हात घातला.

*

येथून पुढे कथा बिघडते.

कीर्तनांत ही कथा रंगवतात तेव्हा वामदेव या क्षणी खुरपे फेकून गुरूंचे पाय धरतो, त्याचा गर्व गळतो, गुरू त्याला उठवून पोटाशी धरतात, दार उघडते, आणि तिघेही एका पंगतीला बसून त्या भाजीचा प्रसाद घेतात. श्रोते टाळ्या देतात. हा शेवट गोड आहे आणि असत्य आहे. त्या संध्याकाळी मठीत भाजी शिजली नाही. रखमाजी आत आला आणि वामदेव बाहेर गेला. दोघे उंबऱ्यावर एकमेकांना ओलांडून गेले. रखमाजीने त्याच्या हातात खरवसाची वडी ठेवली आणि त्याने ती न बोलता तिथेच खाल्ली. त्या दिवशी त्याचा उपवास होता.

दुसरा एक पाठ याहून सदोष आहे. त्यात बुवा स्वतः ती हिरवी जुडी उपटतात, कुंपणापलीकडे भिरकावतात आणि म्हणतात, “अहंकाराला या मठीत जागा नाही.” हे वाक्य पुढे कोणीतरी रचले. बुवा असे वाक्य बोलणाऱ्यांतले नव्हते. आणि जुडीला त्यांनी हात लावलाच नाही. ती वामदेवाच्या हाताने निघाली.

घडले ते इतकेच. वामदेवाने हिरव्या कोंबांची जुडी डाव्या मुठीत धरली आणि खुरप्याची धार त्यांच्या मानेला लावली, कारण भाजीची पात तिथेच कापतात. बुवांनी त्याचे मनगट धरले, आणि खाली, मातीपर्यंत नेले.

“वरून नको. माती सैल कर, मुळ्या सगळ्या येऊ देत. ओल्या पाल्यात नीट गुंडाळून घे… वाट लांबची आहे.”